लंगडीला खत नको

४ मार्च

चि. गोळीवालीस अनेक आशीर्वाद.

माझं घर आणि झाडं तुझ्या ताब्यात दिली आहेत आणि तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही जीव टांगणीला लागलाय म्हणून हे पत्र. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आज अठरा दिवस झाले. इथे लेकाकडे चौथा मजला, लिफ्ट, गुळगुळीत फरशी. घरातले सगळे माझ्याशी इतकं हळू बोलतात की आपण गेलो की काय, अशी मलाच शंका येते. तुझ्या दादाची अट तुला ठाऊक आहेच. आपल्या गच्चीचा तो चौदा पायऱ्यांचा लोखंडी जिना आधाराशिवाय चढता येईल, तेव्हाच मी परत जायचं. एप्रिलअखेर नाही जमलं तर घर भाड्याने द्यायचं आणि मी कायमची इथे. मी हो म्हणून बसले, कारण तेव्हा गुंगी उतरली नव्हती.

आता गच्चीवरची माझी पाच पोरं. तू विचारलंस, बॉन्साय बुटकंच ठेवायचं तर त्याला खत कशाला. अगं, आवर घालायचा तो मोठेपणी. लहानपणी पोटभर खाऊ घालायचं, खोड अंगठ्याएवढं जाड होऊ द्यायचं, मग कात्री. फळीवर निळ्या झाकणाचा डबा आहे. एक लिटर पाण्यात त्यातली पाव चमचा पावडर, आठवड्यातून एकदा. माती कोरडी असेल तर आधी साधं पाणी घालायचं, मग खत. आणि पाचवं, ते डावीकडे कललेलं डाळिंब, जिला मी लंगडी म्हणते, तिला अजिबात नाही. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी तिची मुळं छाटून कुंडी बदलली आहे. तिचंही ऑपरेशनच झालंय म्हण ना. तिला दोन महिने नुसतं पाणी.

लोभ आहेच, तो वाढवावा. खत वाढवू नये.

तुझी आत्या

२० मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र औषधाच्या दुकानात माझ्या काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. डब्यावर लेबलही चिकटवलं: पाव चमचा, आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी देऊ नये. खरं सांगू, गिऱ्हाइकांपेक्षा झाडं बरी. शेजारणीला अमुक गोळीने गुण आला, तीच द्या, असं म्हणत नाहीत.

परवा एक मास्तर आले. पाठ लवकर बरी व्हावी म्हणून एकाच्या जागी दोन गोळ्या घेत होते, आता पोटात आग पडलीय. मी चांगलंच झापलं त्यांना. म्हटलं, दुप्पट गोळी घेतली म्हणून दुप्पट लवकर बरं वाटत नसतं. बिचारे मान खाली घालून ऐकत होते.

झाडांची खबर अशी. लिंबाला पालवी फुटली आहे. दोन्ही अंजिरांची खोडं भरली आहेत. संत्र्याला सहा नवी पानं आली, मोजून सहा. बाकी सर्व ठीक. तुझा गुडघा किती वाकतो? व्यायाम शिकवायला येते ती मुलगी काय म्हणते?

काळजी नसावी, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुझी भाची

२५ मार्च

चि. गोळीवालीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. लिंबू एक, अंजिरं दोन, संत्रं एक. चार झाली. माझ्या आठवणीप्रमाणे मी पाच ठेवून आले होते. लंगडीबद्दल तू अवाक्षर काढलेलं नाहीस. 'बाकी सर्व ठीक' हे तू शाळेचं प्रगतिपुस्तक गादीखाली लपवलंस त्या दिवशीही म्हणाली होतीस.

माझा गुडघा उत्तम. ती मुलगी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा पाय वाकवायला सांगते, मी वाकवते. मला घरी यायचंय गं. इथे कोणी काही कमी पडू देत नाही, सून तर माझी उशीसुद्धा विचारून हलवते. पण सकाळी उठल्यावर कोणाकडे बघायचं तेच कळत नाही. बाकी सर्व ठीक.

उलटटपाली खरं काय ते कळावे.

तुझी आत्या

३० मार्च

चि. छोटीस अ. आ.

हे पत्र आईला न सांगता लिहितोय. तिचा गुडघा सुजून नारळ झालाय. दहादा वाकवायचा पाय ती बाथरूमचं दार लावून चाळीस-चाळीस वेळा वाकवत होती. काल बाहेर येताना भिंत धरावी लागली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी तिला आठवडाभर गप्प झोपवून ठेवलंय.

मला तिला कोंडून ठेवायची हौस नाही गं. घरात तिचं बाकी सगळं खालीच आहे, पण झाडं वर म्हटल्यावर ती वर जाणारच, आणि गेल्या वर्षी त्याच जिन्यावरून घसरली होती. माझं ती ऐकत नाही. औषधवाल्यांचं ऐकते. तूच दोन शब्द सुनाव.

तुझा दादा

२ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आधी माझा गुन्हा सांगते, मग तुझा.

मी लंगडीला खत घातलं. आणि पाव नाही, अर्धा चमचा. इतर चौघं खात होती आणि ती एकटीच तशीच उभी, एक पान नवं नाही. मला वाटलं, तिला पालवी फुटली की तुला लिहीन, तू खूश होशील, लवकर बरी होशील. चौथ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. आठव्या दिवशी पानं गळाली. मास्तरांना झापलं त्याच दिवशी सकाळी मी झाडू घेऊन ती गोळा केली होती. मला फार रडू आलं आत्या.

आता तुझा. दादाने सगळं कळवलंय, त्याच्यावर चिडू नकोस. चाळीस वेळा? मुळं छाटलेल्या झाडाला खत नको हे मला शिकवणारी तूच ना? दुकानातलं भाषण आता आपण दोघींनी समोरासमोर उभं राहून एकमेकींना द्यायला हवं.

लंगडीचं म्हणशील तर कुंडीतून भरपूर साधं पाणी वाहू दिलं, खत धुऊन निघावं म्हणून. वर ऊन फार, म्हणून तिला खाली आणलं, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी. मग दिवसातून तीनदा तिला खाली आणि बाकीच्यांना वर बघताना माझेच गुडघे बोलायला लागले. शेवटी पाचही जणांना खाली आणलं. दाराबाहेरच्या ओट्यावर ओळीने बसली आहेत. तिथे अकरापर्यंत चांगलं ऊन येतं, चौघं मजेत आहेत. लंगडीची साल काल नखाने जराशी खरवडून पाहिली. आतून हिरवी आहे.

रागवायचं तेवढं रागव, पण बसून.

तुझी अपराधी भाची

९ एप्रिल

चि. गोळीवालीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा लंगडीसाठी डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुझी कीव आली. तिसऱ्यांदा वाचताना मी पलंगावर ताडकन उठून बसले.

अगं, पाचही जणं खाली आहेत, तर मी जिना चढायचाच कशाला?

दादाला हाक मारली आणि तुझा ओट्याचा परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला. वाचून झाल्यावर त्याने तो पुन्हा एकदा मनात वाचला. मग म्हणाला, की म्हणजे तुला आता वर काही कामच नाही. मी म्हटलं, काडीचंही नाही. आज सूज उतरलेली पाहून डॉक्टरांनी सांगितलं की काठी घेऊन घरातल्या घरात हिंडायला हरकत नाही. दादा रविवारी मला गाडीने आणून सोडतोय. चाळीस वेळा पाय वाकवून जे जमलं नाही ते तुझ्या अर्ध्या चमच्याने करून दाखवलं, पण हे कोणाला सांगू नकोस, खास करून त्या मास्तरांना.

आतून हिरवी आहे ना, मग लंगडी सावरेल. नुसतं पाणी दे आणि सारखं नख लावू नकोस. मागच्या दाराशी एक खुर्ची ठेव. आम्ही दोघी लंगड्या तिथेच बसू, जिची तिची बरी व्हायची वेळ येईपर्यंत.

राहता राहिला निळ्या झाकणाचा डबा. तो नेऊन गच्चीवर ठेव. मला तिथे जायची बंदी आहे, आणि तू गेलीस तर लोखंडी जिना वाजतो.

तुझी आत्या