‘माहिती’ची पहिली वेलांटी

प्रिय अनुस्वारा,

तीस वर्षांचा बाप्या झालास, तरी कागदावर मी तुला याच नावाने हाक मारणार. जन्मलास तेव्हा एवढासा होतास आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोक्यावर बसलास, म्हणून छापखान्यातल्या आमच्या मंडळींनी हे नाव ठेवलं. ताईच्या घरी जाऊन तुला आज तेवीस दिवस झाले. माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मी असतो, तर मीही उचलला नसता. म्हणून लिहितोय, आणि संतापून लिहितोय, हे आधीच सांगतो. अक्षरावरून तुला कळलंच असेल.

आधी त्या नोटिशीबद्दल. तुझ्या टेबलाच्या खणात होती, ती मी काढून वाचली. एका पानात सात चुका. ‘निलंबीत’ असं लिहिलंय, दुसरी वेलांटी देऊन. ‘चौकशि’ला पहिली. अरे, माणसाची नोकरी काढून घेताय, निदान ज्या शब्दाने घेताय तो तरी धड लिहा. मजकूर म्हणजे आणखी आनंद. रुग्णालयाच्या औषध विभागात रुग्णाला कोणती गोळी किती द्यायची ते सांगणारा जो प्रोग्रॅम आहे, त्यातली एक फाइल वार्षिक तपासणीत ‘अनोळखी’ निघाली. चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी, संध्याकाळी पाच बेचाळीसला, तुझ्या नावाने चालू असलेल्या संगणकावर ती बदलली गेली. सबब तू रुग्णांच्या जिवाशी खेळलास. अंतिम सुनावणी गुरुवारी अकरा वाजता, आणि त्यानंतर पोलिसांत तक्रार देण्याचा विचार आहे म्हणे.

ही नोटीस आली त्या दिवशी मी काय बोललो, ते तू विसरला नसशील. विस्तवाशिवाय धूर निघत नाही, असं म्हणालो. आईसमोर म्हणालो. तू उत्तर दिलं नाहीस, माझ्याकडे एकदा नीट पाहिलंस, ताट सरकवलंस आणि बॅग भरलीस. त्या गप्प राहण्याचा मी कबुली असा अर्थ लावला. चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, ओळीतलं वाचता येतं म्हणून मिरवलं, आणि समोर बसलेल्या पोराचा चेहरा मला वाचता आला नाही. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. चहाचा कप असा आपटून ठेवते, की बशीचा एक टवका उडालाय.

रागाच्या भरात तुझ्या कपाटावरची धूळही मीच झटकली. तिथे माझा तो काळा चष्मा सापडला, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा. तो दिवस आठवतो ना? तुमच्याच रुग्णालयात डॉक्टरांनी पट्टी काढली आणि मला जग पुन्हा धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ दिसू लागलं. तुझ्या संगणक विभागापर्यंतच्या जिन्यात मी भिंतीवरची प्रत्येक पाटी तुला मोठ्याने वाचून दाखवली आणि प्रत्येकीतली चूकही सांगितली. तू हसत होतास. लोक वळून बघत होते, तरी हसत होतास. मग मला आपल्या खुर्चीत बसवलंस आणि पाणी दिलंस. इतक्यात वरच्या मजल्यावरून सिस्टरबाईंचा फोन आला म्हणून दहा मिनिटांत येतो सांगून गेलास. फार चांगला दिवस होता तो.

तर, सोमवारी मी रुग्णालयात गेलो. तुझी बाजू घ्यायला नव्हे, खरं सांगतो. पोराने नेमकं काय शेण खाल्लंय, ते एकदा कळू दे म्हणून गेलो. चौकशी समितीच्या अध्यक्षांनी मला दीड तास बाकड्यावर बसवलं आणि मग प्रकरण तांत्रिक आहे, तुम्हाला समजणार नाही, असं सांगून तपासणी करणाऱ्या बाईंकडे ढकललं. तुमची ती मागची खोली. कूलर घरघरत होता आणि टेबलावर तुझा पेला अजून तसाच होता. बाई बाहेरच्या संस्थेच्या, पन्नाशीच्या, बोलायला मोजक्या. पण त्यांनी मला माणसासारखं समजावलं.

त्या म्हणाल्या, की प्रत्येक फाइलचा एक ठसा असतो, चौसष्ट आकडे-अक्षरांचा, आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी आपल्या प्रत्येक फाइलच्या ठशाची यादी देते. तपासणीत संगणकावरच्या फायलींचे ठसे काढायचे आणि यादीशी ताडून बघायचे. जुळला तो ओळखीचा, बाजूला ठेवायचा. नाही जुळला तो अनोळखी. फाइलचं नाव काय, ते कुणी विचारत नाही. नाव बदललं तरी ठसा तोच, आणि मजकुरात कानामात्रेचा फरक पडला, तर ठसा सगळाच्या सगळा वेगळा. मला पटेना. त्यांनी माझ्याकडून एक वाक्य लिहून घेतलं, त्याचा ठसा काढला, मग एकच अनुस्वार पुसून पुन्हा काढला. चौसष्टांत ओळखीचं काही उरलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कानामात्रेसाठी मी जन्मभर छापखान्यात घसा फोडला. मालक म्हणायचे, मास्तर, वाचणाऱ्याला अर्थ कळला म्हणजे झालं. इथे एक यंत्र माझ्या बाजूचं निघालं.

मग मी साधा प्रश्न विचारला. त्या अनोळखी फाइलमध्ये लिहिलंय काय? बाई म्हणाल्या, काका, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. पाच माणसांची समिती. तीन बैठका. प्रत्येक बैठकीला चहा-बिस्किटं. आणि पाचांपैकी एकालाही ती फाइल उघडून वाचावीशी वाटली नाही. अहवालात लाल शाईत ‘जुळत नाही’ असं आलं, तेवढं वाचून यांनी माझ्या मुलाला जवळजवळ खुनी ठरवलं. यंत्राने त्याचं काम चोख केलं होतं. फरक आहे, एवढंच ते म्हणालं होतं. काय फरक आहे, हे बघायला देवाने माणसांना डोळे दिलेत, पण ते उघडायचे कष्ट कोण घेणार? मी आवाज चढवला. त्या खोलीत तुझ्याबद्दल इतकं तावातावाने बोललो, की तू ऐकायला हवं होतंस. बाई शांतपणे उठल्या, कंपनीची मूळ प्रत त्यांनी आणली आणि दोन्ही फायली शेजारी-शेजारी लावल्या.

औषधांच्या प्रमाणाचा त्यात आकडाही नव्हता. पडद्यावर दिसणाऱ्या सूचना होत्या, चारशे ओळी, एकाखाली एक. फरक एका ओळीत. कंपनीची ओळ अशी: ‘माहीती जतन होत आहे .’ आणि आपली: ‘माहिती जतन होत आहे.’ म्हणजे चूक कंपनीची होती आणि तुमच्या संगणकावर होतं ते शुद्ध. क्षणभर मला ज्याने कुणी हे केलं त्याचं कौतुक वाटलं. मग तो दिवस आठवला आणि मी बाईंकडे पाणी मागितलं. तुझ्याच पेल्यातून प्यायलो.

त्या मंगळवारी, तू वर गेलास तेव्हा, ही फाइल पडद्यावर उघडी होती. अक्षरं तुटतात अशी सिस्टरांची तक्रार होती, ती तू बघत होतास. नवा डोळा, समोर एकाखाली एक वाक्यं, अगदी छापायच्या आधीच्या कच्च्या कागदासारखी, आणि त्यात ‘माहीती’. माझा हात थांबला नाही. दुसरी वेलांटी काढली, पहिली दिली, जतन केलं. तू आल्यावर सांगायचंही सुचलं नाही. रस्त्यातला कागदाचा कपटा उचलल्याचं कुणी सांगतं का? पण तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार. तू फाइल उघडली असशील, ती वेलांटी पाहिली असशील. दुसऱ्याच्या खुर्चीत बसून असले उद्योग करणारा माणूस अख्ख्या जगात तुला एकच माहीत आहे. आणि पोलिसांचं नाव निघालं, म्हणून तू त्याचं नाव घेतलं नाहीस. जेवताना माझ्याकडे नीट पाहिलंस, ते यासाठी. आणि मी तुला विस्तवाचं ऐकवत होतो.

तो विस्तव मीच, हे आज लेखी देऊन आलो. त्याची प्रत सोबत जोडली आहे, आणि हे पत्र त्यासाठीच. अध्यक्षांनी आधी हसण्यावारी नेलं. मी म्हटलं, तुमच्या देखत सिद्ध करतो. बाईंनी त्या बदललेल्या फाइलची नक्कल उघडली आणि मी स्वतःच्या हाताने ‘माहीती’ असं लिहिलं. जाणूनबुजून चुकीचं लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. ठसा जुळला नाही. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मी दोन्ही ओळी अक्षर-अक्षर पुन्हा वाचल्या, आणि मग आठवलं, पूर्णविरामाच्या आधीची मोकळी जागाही मीच मिटवली होती. ती परत दिली. चौसष्टच्या चौसष्ट जुळले. म्हणजे त्या फाइलला माझ्याशिवाय कुणीही काहीही केलेलं नाही, हे आता कागदोपत्री आहे. परक्या माणसाला खुर्चीत बसवलंस, एवढी तुझी चूक. त्याबद्दल गुरुवारी कानउघाडणी होईल, ती ऐकून घे. मी पावणेअकरापासून बाकड्यावर असेन. पोलिसांना बोलवायचं तर माझ्यासाठी बोलवा, असंही सांगून आलोय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांना लाल शाईने गोल केले. ही माझी आहे, आणि ती वेलांटीची नाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. चुकलो, बाळा. सुनावणीनंतर ताईकडे परत जायचं असेल, तर मी अडवणार नाही. पण आईने तुझी खोली आवरून ठेवली आहे. मी तिथे कशालाही हात लावलेला नाही.

तुझाच,
बाबा