कोऱ्या डिस्कवरचा आवाज

४ जून
दुपारभर दवाखान्यात, तिथले कॉम्प्युटर मीच बघते. काउंटरवरच्या कविताकडून एक्स-रेचं अख्खं फोल्डर उडालं. डॉक्टर घुश्श्यात, कविता रडकुंडीला. डिलीट झालेलं परत आणायचं सॉफ्टवेअर चालवलं. एक्स-रे सापडले, पण संगं भलतंच निघालं. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. सातबारे. एका बाईचे तपासणीचे रिपोर्ट, नावासकट. दवाखान्याची ही सर्व्हरवरची भाड्याची डिस्क तर मागच्याच महिन्यात जुनी सोडून नवी घेतलेली.

आवाजाच्या फायलीही होत्या. एक लावली. कुणीतरी सर अपूर्णांक शिकवून राह्यलेत, भाकरीचे चार भाग करून. मधीच, "थांबा पोरांनो, कोंबडी आली मधी." हुश हुश. मंग परत अपूर्णांक. हसू आलं.

घरी आल्यावर हसू गेलं. दुसऱ्याचं आपल्याला दिसतंय, तर आपले पेशंट कुणाला दिसत असतील?

५ जून
मोईनभाईला सांगितलं. ज्या कंपनीची ही डिस्क, तिथलं सर्व्हरचं सगळं तोच बघतो, इथंच जालन्यात, कंपनी लहान. एका मोठ्या सर्व्हरचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा कॉम्प्युटर असल्यासारखा भाड्यानं देतात. एक गिऱ्हाईक गेलं की त्याची जागा दुसऱ्याला. देताना ती कोरी दिसायला पाहिजे. हे कोरी करायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं, आणि तिच्यातच चूक. जुनं तसंच खाली राहतंय. मोईनभाईनं सगळं लिहून घेतलं. मंग म्हणाला, जे निघालं ते सगळं पुसा ताई, काहीच ठेवू नका.

६ जून
पुसलं. दवाखान्याचं काम दुसऱ्या डिस्कवर हलवलं, जुनी मोईनभाईनं माझ्यासमोर शून्यं भरून साफ केली, म्हणजे खालचं काहीच परत निघू नये. भाकरीवाले सर ठेवावे वाटले होते, नुसते ऐकायला. पण परक्याची चीज. ठेवले न्हाईत. बरं वाटलं.

१५ जून
कॉम्प्युटरवाल्यांची बैठक. आपलं हे प्रकरण सांगितलं, सावध राहा म्हणून. नाव कुणाचंच घेतलं न्हाई. कोंबडीचं मात्र सांगितलं. सगळे हसले.

१७ जून
सकाळी फोन. प्रज्ञा गायकवाड, वडीगोद्रीची, अंबडला नर्स आहे. बैठकीतल्या कुणीतरी तिला कोंबडीची गंमत सांगितली.

"ताई, ते माझे पप्पा आहेत."

शाळा बंद होत्या तेव्हा सर घरच्या ओट्यावर बसून धडे रेकॉर्ड करायचे. पोरांना ऐकता यावेत म्हणून मोईनभाईच्याच कंपनीकडं जागा घेतली होती. पुढं घशाचा कॅन्सर निघाला, स्वरयंत्र काढलं. त्या धावपळीत जागेची मुदत संपली, कुणाचंच ध्यान न्हाई. कंपनीनं नियमानं काढून टाकलं. रेकॉर्डिंग केलेला घरचा मोबाईल त्याआधीच बिघडून गेलेला. तिच्या बाळानं आजोबांचा आवाज ऐकलेलाच न्हाई.

"एक तरी फाइल असेल ना तुमच्याकडं?"

मी न्हाई म्हणाले. तिनं फोन ठेवला न्हाई. मीच काहीबाही बोलत राह्यले. सुरक्षा, नियम. लाज वाटून राह्यली आता.

२० जून
वडीगोद्रीला गेल्ते. का गेले माहीत न्हाई, देण्यासारखं काही नव्हतं. घर हायवेच्या दुकानांमागं. समोर बाबासाहेबांचा फोटो, खाली सरांना निरोपाच्या वेळी मिळालेलं घड्याळ. सर उंच, गळ्याला रुमाल. मोबाईलवर टाइप करून दाखवतात.

पहिलं विचारलं, काय शिकवत होतो?

सांगितलं. भाकरी, चार भाग, कोंबडी. सर हसले. खांदे हलले, आवाज न्हाई. मंग टाइप केलं, माझा आवाज कसा वाटला?

भरदार होता, मी म्हणाले. खरं तर बराबर आठवत न्हाई. अर्धवटच ऐकला, कान देऊन न्हाई. हे त्यांना सांगितलं न्हाई.

निघताना प्रज्ञा गाडीपर्यंत आली. "तुम्ही काय चुकीचं न्हाई केलं," म्हणाली. तोंडाकडं बघून वाटलं न्हाई तसं.

२२ जून
मोईनभाईकडं जाऊन सगळं सांगितलं. त्यानं समजावलं, सरांची जागा एकाच गिऱ्हाईकाला गेली नसणार. तुकडे तुकडे होऊन बाकीच्यांच्या डिस्कवर असतील. पण बघायचं म्हणजे त्यांच्या डिस्का उघडायच्या.

"विचारल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं का, ताई?"

आणि विचारावं तर चूक जगजाहीर, कंपनीचा मालक ऐकणार न्हाई. चूक दुरुस्त करणारं अपडेट रविवारी टाकणार. ते टाकलं की जुनं कुणालाच दिसणार न्हाई, सगळं साफ होणार. त्यासाठीच तर मी तक्रार केल्ती.

२५ जून
प्रज्ञाला रविवारचं सांगावं लागलं. अपडेट थांबवा म्हणते. थोडे दिवस, तोवर पप्पांचा आवाज शोधता येईल. मोईनभाईला तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील. पप्पांना यातलं कळू देऊ नका.

पण सरांना कळलं. संध्याकाळी त्यांचा मेसेज, "त्यात बाकीच्यांचंही असेल ना? त्या बाईचे रिपोर्ट?"

मीच त्यांना त्या बाईचं बोलले असणार. कशाला बोलले.

२६ जून
दवाखान्यात कवितानं विचारलं, आपले पेशंट आता सेफ ना? रविवारनंतर, मी म्हणाले. मागच्या महिन्यात सोडलेली आपली डिस्क कुणाकडं गेली कुणास ठाऊक.

२७ जून
मोईनभाईला फोन केला. थांबव म्हणून तोंडातून निघालं न्हाई. थांबवू नको, असंही न्हाई. सरांचं हसणं कसं होतं तेवढंच सांगितलं. तो हं हं करत राह्यला. त्याचे वालिद, म्हणजे वडील, गेल्या वर्षी गेले, हे फोन ठेवल्यावर आठवलं.

२८ जून, रविवार
सकाळपासून प्रज्ञाचे फोन. उचलले न्हाईत.

दुपारी मोईनभाईचा मेसेज सगळ्या गिऱ्हाईकांना. आजचं अपडेटचं काम तांत्रिक कारणानं पुढं ढकललं, तारीख कळवू. कारण काय ते लिहिलं न्हाई. मी विचारलं न्हाई.