उंचीप्रमाणे रांग

तीर्थरूप आईस वाकून नमस्कार,

मी मजेत आहे. खोली कोरडी आहे, सुतारकाम मिळालंय आणि लढाईत दुखावलेला पाय आता फारशी कुरकुर करत नाही. खिडकीची काच फुटली होती, ती मीच बसवली. कशी फुटली ते विचारू नकोस.

काल नगरपालिकेचं मतदान झालं. नेहमीसारख्या दोन रांगा: गोऱ्यांची पुढच्या दाराला, आपल्यासारख्या काळ्यांची मागच्या दाराला. लढाईवरून परतलेले आम्ही सगळे एकदमच पोचलो आणि ढकलाढकल सुरू झाली. आमच्या तुकडीचा गोरा हवालदार आता बेकरी चालवतो. त्याला तो गोंधळ बघवेना. सवयीनं खेकसला, "उंचीप्रमाणे रांग! बुटके पुढे!"

काय सांगू आई, आमचे पाय डोक्याला न विचारताच हलले. क्षणात काळे-गोरे मिसळून एकच रांग, आणि तीही पुढच्या दाराला! कारकून ओरडला, "काळ्यांना मागे पाठवा!" हवालदाराचं तोंड लाल झालं. आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हाच कळलं असावं. पण म्हणाला, "मी लावलेली रांग मी मोडत नसतो." सगळ्यांनी पुढूनच मत दिलं.

आज बेकरीत गिऱ्हाईक कमी होतं. मी दोन पाव जास्तच घेतले.

तुझा खोकला कसा आहे? ताई, हे पत्र आईला वाचून दाखवशील तेव्हा काचेचं तेवढं गाळ. पुढच्या निवडणुकीआधी तू इकडेच राहायला ये. जन्मभर मागच्या दारानं गेलीस. इथल्या रांगेत तुझ्या उंचीला पहिला नंबर तुझाच.

तुझा,
धाकटा