पर्थला निघालेला क्यू

३ मार्च, सकाळ
आजपासून मी निर्यातदार. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली.

सासऱ्यांनी घडवलेला क्यू, म्हणजे बिलियर्ड्सची काठी, ऑस्ट्रेलियात विकला गेला. पर्थचा ग्रॅहम जूनच्या स्पर्धेत त्यानेच खेळणार. कामागोंगचं काळंभोर लाकूड, मुठीवर शिंपल्याचं जडावकाम. तातयचे, म्हणजे सासऱ्यांचे, हात आता थरथरतात. लेथ कायमचा बंद, हा क्यू शेवटचा. त्यांना एकच हवंय, ग्रॅहमचा खेळतानाचा फोटो. हे तीनदा सांगितलं. म्हातारी माणसं एकदा सांगून थांबतच नाहीत.

बायको, चारितो, म्हणाली, पाठवायचं काम बेबांगला देऊ या. बेबांग तिची धाकटी बहीण, इथल्या क्लार्क विमानतळावर कस्टम एजंटकडे कारकून. म्हणजे मी काय माशा मारू?

५ मार्च
बेबांग न बोलावता आली. म्हणाली, कुया, खरी किंमत लिही, विमा उतरव, खोक्यात क्यूशिवाय काहीही घालू नकोस. कुया म्हणते थोरल्या भावाला म्हणावं तसं, आणि समजावते बालवाडीतल्या पोराला समजावावं तसं. लाकडाचा परवाना तिने काढून दिला, तर सगळ्या गल्लीला माहीत.

खरी किंमत लिहिणारे मूर्ख जगात आहेत म्हणून कस्टमवाल्यांचे बंगले उभे राहतात. मी लिहिलं : जुनी काठी, भेटवस्तू, पाचशे पेसो. विमा नाही. पाचशेच्या काठीचा विमा कोण उतरवतो?

९ मार्च, दुपार
खोकं भरलं. क्यू ठेवला तरी बाजूला ही एवढी जागा रिकामी. आमच्याकडे समुद्रापार जाणारं खोकं असं पोकळ जातं का? माझी मावशी दुबईहून बूट पाठवते तर बुटातही चॉकलेटं कोंबते. तो गोरा म्हणेल, काय चिंधी लोक आहेत. म्हणून चिचारोनची पाकिटं घातली, डुकराच्या कातड्याचा, अस्सल, कुरकुरीत. वर सुका आंबा. लोंगानिसा मात्र घातली नाही, सॉसेज वाटेत खराब होतं. एवढी अक्कल आहे मला.

फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ : नाही’ असं लिहिलं. चिचारोन म्हणजे काही जेवण नव्हे, तो बियरबरोबर असतो.

चारितो म्हणाली, बेबांग नको म्हणाली होती ना. मी विचारलं, बेबांगने आयुष्यात कधी खोकं पाठवलंय का? म्हणाली, रोज पाठवते. पण ती ऑफिसची. त्यात काय मोठंसं.

२० मार्च
खोकं पर्थला पोचलं! कॉम्प्युटरवर दिसतंय, ‘तपासणीसाठी राखून ठेवले’. साध्यासुध्या मालाला कोण राखून ठेवतं?

तातयनी सकाळी विचारलं, पोचला का रे? सांगितलं, ग्रॅहमचा सराव चालू आहे. फार खूश झाले. शेजाऱ्याला सांगायला गेले. थोडं आधी सांगितलं एवढंच, खोटं नाही.

२६ मार्च
तिकडच्या कस्टमचा ईमेल. न सांगता डुकराचं मांस पाठवलंत. पाकीट फुटून चरबी सगळ्या खोक्यात पसरली आहे. माल परत हवा असेल तर महिनाअखेरीपर्यंत कळवा आणि खर्च भरा, नाहीतर नष्ट करू.

हसू आलं. आमच्या पाम्पांगाच्या बाजारात वाढलोय मी. पहिली सांगितलेली किंमत इथे कोण देतं? आपण पाठ फिरवून चार पावलं चालायचं, दुकानदार स्वतःच हाक मारतो. उत्तर देणार नाही. बघू कोण आधी नरमतं.

३० मार्च
अजून हाक नाही. ताठ दिसतात. आपणही ताठ.

चारितोने ईमेल वाचला आणि बहिणीला कळवलं. लगेच बेबांगचा फोन. म्हणाली, कुया, पाया पडते, आजच्या आज उत्तर दे, खर्च मी भरते. मी म्हटलं, तुला घासाघीस कळत नाही, तू शिक्के मार. रडायला लागली. असल्या भित्र्या माणसांना नोकरीवर ठेवतात तरी कसे?

४ एप्रिल, सकाळ
ईमेल आला. चारितोला हाक मारून म्हटलं, बघ, नरमले.

खोकं नष्ट केलंय. आतल्या सगळ्या मालासकट. मुदतीत उत्तर न आल्यामुळे.

दोनदा वाचलं. घासाघिशीचा एक शब्दही नाही. काय माणसं आहेत.

४ एप्रिल, संध्याकाळ
चारितोने रागवायचंही सोडून दिलं. एवढंच म्हणाली, तातयना तू सांग.

जाताना वाटेत कारणं जुळवली. ऑस्ट्रेलियाचे कायदे, फुसकी पाकिटं, बेबांगने नीट समजावलंच नाही. तातय झाकलेल्या लेथजवळ बाकावर बसले होते. मला बघून विचारलं, फोटो आला?

सांगून टाकलं. सराव खोटा होता तेही. कारणं तोंडातून निघेनात.

तातय म्हणाले, जाळला असेल का? म्हटलं, बहुतेक. थरथरणारा हात दुसऱ्या हाताने धरला आणि म्हणाले, कामागोंग लवकर पेटत नाही रे. त्या पोरांना फार वेळ लागला असेल.

मला रडू आलं. ते म्हणाले, जेवून जा.