कळसासमोरचा पाळणा

मु. सुरत, १९ मे १९९६

तीर्थरूप केरूमामांस,

लोखंडाला वाळवी लागत नाय, हे तुम्ही गेल्या पत्रात लिहिलंत आणि ह्याही पत्रात लिहिलंत. नाय लागत. पण आपल्या लाकडी पाळण्याला तरी चाळीस वर्षांत कुठं लागली? असो. शिवाचा शिरसाष्टांग नमस्कार. मामीचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? मी इकडं खुशाल आहे आणि तुमच्यावर रागावलेला आहे, दोन्ही एकदम.

ह्या जत्रेला तुम्ही नवा पाळणा उभा केलात. सोळा खुर्च्या, डिझेलचं इंजिन, वर ट्यूबलाइटी. जुन्याला चारच खोकी होती, पण आपला जनू माकडासारखा वर चढून स्वतःच्या वजनानं पाळणा फिरवायचा. (आता तो बसून तिकिटं फाडतो. पोट सुटलंय त्याचं.) जुना पाळणा बहिरीच्या देवळाच्या अंगणात मावायचा आणि खोकं वर गेलं की समोर कळस, हात लांबवला तर लागंल असा. म्हणून तर आपल्याकडं रीत पडली, वर दिलेला शब्द मोडायचा नाय आणि वर खोटं बोलायचं नाय. हैबतरावानं बैल विकताना खाली सगळ्यांना सांगितलं होतं, बैल गरीब आहे. गिऱ्हाईकाला घेऊन वर बसला, तुम्ही पाळणा थांबवलात, तेव्हा म्हणाला, थोडा मारतो. खोकं खाली येईस्तोवर कबूल झाला की त्याच्या भावाचा पाय त्याच बैलानं मोडला. सोयरिकीही तुम्ही वरच जुळवल्यात. बोलणी संपेस्तोवर खोकं वर धरून ठेवायचात, मग खाली बाकीची पोरं कितीही बोंबलू देत.

नवा अंगणात मावेना म्हणून तुम्ही तो जिते स्टेशनाजवळच्या शेतात नेलात. तिथं वरून काय दिसतं? रेल्वेचा सिग्नल. त्यात मी, गिरजाकाकू आणि तिची लेक नम्रता बोलणी करायला बसलो. गिरजाकाकूनं माझी नोकरी विचारली, मी सांगितली. नम्रता म्हणाली, मला पसंत आहे. इंजिनाच्या आवाजात ओरडून म्हणाली, खालच्या चार खुर्च्यांनी ऐकलं. तेवढ्यात तीन मिनिटं झाली आणि तुमच्या माणसानं आम्हाला उतरवलं. उतरल्यावर गिरजाकाकू म्हणते, "सिग्नलाला साक्ष ठेवून कोण लेक देतं गो? कळस दिसला काय तुला?"

नम्रता म्हणाली, "कळस नाय दिसला. पण हा दिसला ना."

ह्यावर गिरजाकाकूनं तिचा दंड धरून तिला जिलेबीच्या दुकानाकडं नेलं. जाताना मला सांगून गेली, हेच सगळं कळसासमोर बोल, मग बघू. नायतर रोह्याच्या कंपनीतला परमनंट मुलगा पावसाआधी बघायला येणार आहे. आणि तुम्ही लिहिता, जुन्या पाळण्याच्या फळ्या शेळ्यांच्या गोठ्याला लावतोय. मामा, शेळ्यांना शब्द द्यायचा नसतो.

राग नसावा. मामीस नमस्कार.

तुमचा,
शिवा

ता. क. गोठ्याचं काम चार दिवस थांबवा. मी पुढच्या रविवारी येतो. एका दिवसापुरता जुना पाळणा अंगणात उभा करा. दोर नवे लागतील. जनूला सांगा, पोटाचा उपयोगच होईल, पाळणा लवकर खाली येईल.

ता. क. २. ही गोष्ट तुमच्यातच ठेवा. सिग्नलासमोर मी सांगितलं, कंपनीत फिटर आहे, परमनंट. तसं नाय. लूमवर तीन महिने होतो, मग हॉटेलात, मग गोदामावर, कुठं मन लागलं नाय. आता इथल्या मेळ्यात विजेचा पाळणा आहे, त्याचं हिरवं बटण दाबतो. तीन मिनिटं झाली की लाल दाबतो. (आमच्याकडं उतरवायच्या आधी घंटी तरी वाजते, ते तुम्ही लावून घ्या.) सात महिने टिकलोय. तेव्हा कळस दिसला नाय हे एका अर्थी बरंच झालं. पण आता दिसू दे. परमनंट हा शब्द तिथं माझ्या तोंडून निघायचा नाय.

ता. क. ३. दोरासाठी मनीऑर्डर करतोय. उरलेलं येईन तेव्हा, पगार झाला तर. मनीऑर्डर आली की आधी नम्रताला दाखवा, गिरजाकाकूला नंतर. वर बसायच्या आधी आकड्यावरनं तिला खरं काय ते कळलेलं बरं. पंचेचाळीस रुपये.