उत्तर न आलेला हुकूम

अहो,

तुम्ही होतात तेव्हा कधी पत्र लिहिलं नाही, फोनवरच सगळं व्हायचं. आज लिहितेय, कारण काल तुमच्या जहाजावरचा तो तरुण अधिकारी घरी येऊन गेला आणि मला त्याचा संशय आलाय. हसू नका. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत मला सगळ्यांचाच संशय येतो, हे तुमचं म्हणणं पाठ आहे मला.

सफरचंदं घेऊन आला होता, आजाऱ्याला न्यावीत तशी. सोफ्याच्या कडेवर टेकला आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "काकू, मी 'बाजूला व्हा' म्हणून ओरडलो होतो. काकांचं लक्ष नव्हतं." न विचारता खुलासा करणारा माणूस मला कधीच पटत नाही.

कंपनीही हेच म्हणते. जहाज धक्क्याला बांधताना या अधिकाऱ्याच्या हुकमावरून यंत्रावर दोर ओढला, तो तुटला, आणि तुम्ही उभं राहू नये तिथे उभे होतात. म्हणजे चूक तुमचीच. आपली मुग्धाही तेच धरून बसली होती. "आई, पुरे आता. बाबा चुकले असतील." तुमच्या जाण्याइतकंच मला हे लागायचं.

तुमचं लक्ष नव्हतं? तुमचं? "गॅस बंद करा" म्हटलं की "गॅस बंद करतो", आणि केल्यावर पुन्हा "गॅस बंद केला". सुकाणू असो की दोर, हुकूम आला की तोच परत म्हणायचा आणि पाळला की तसं सांगायचं. जहाजाची ही रीत तुम्ही स्वयंपाकघरात आणलीत. माझी वहिनी तुम्हाला पोपट म्हणायची.

स्कूटरवरही तेच. कर्वे पुतळ्यापाशी मी मागून "डावीकडे" म्हटलं, हॉर्नच्या गोंगाटात तुमचं उत्तर आलं नाही, मी गप्प बसले. जायचं होतं कर्वेनगरला, पोचलो कोथरूड स्टँडला. वर बोलणी मलाच! "उत्तर नाही म्हणजे हुकूम पोचला नाही. पुन्हा सांगायचं. तोवर काही हलवायचं नाही."

म्हणून काल मी त्याला एवढंच विचारलं, "तुम्ही ओरडलात, मग ते काय म्हणाले?"

"काहीच नाही, काकू. म्हणून तर म्हणतो, लक्ष नव्हतं."

मुग्धा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. तिला स्कूटर तुम्हीच शिकवलीत. तिने शांतपणे विचारलं, "उत्तर आलं नाही, तर मग दोर ओढायला का सांगितलंत?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. चहा न घेताच गेला. मुग्धा ट्रे हातात धरून रडत राहिली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. इतके दिवस ती तुमच्यावर नुसती रागावली होती.

तो खरंच ओरडला होता का, याचाही मला संशय आहेच. आणि राग तुमच्यावरही आहे. पुण्यात राहून कंटाळा येतो म्हणालात आणि पुन्हा गेलात. आम्हाला कुठे कंटाळा येत होता तुमचा?

चौकशीला मला बोलावलंय. तक्रार नाही एवढं म्हणा, असं कंपनीचा माणूस गोड आवाजात सुचवून गेलाय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "नीला, पुन्हा विचार."

पुन्हा विचारते. उत्तर येईपर्यंत जागची हलणार नाही. आणि विचारून झालं की घरी येऊन तुमच्या फोटोसमोर मोठ्याने सांगीन, "विचारलं."

तुमची संशयी,
नीला