वाक्यातला कर्ता

३ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. ही बरी आहे, तिने बैठकीच्या खोलीला नवे पडदे शिवलेत. रंग पाहिलास तर तू आल्यापावली परत जाशील. माझी पाठ अधूनमधून धरते. खुर्चीचा दोष म्हणायचा.

भाऊजी घरी आले हे कळलं, फार बरं वाटलं. कावीळ वाईटच, उतरली तरी अंगातली ताकद घेऊन जाते. हात थरथरतात म्हणे त्यांचे? थोड्या दिवसांत थांबेल. घड्याळं काय, वाट बघतील. दुकान महिनाभर बंद राहिल्याने कुणाचं अडत नाही.

तुझा फोन लागत नाही. दोनदा लागला तेव्हा उचलला गेला नाही. इस्पितळात यायचं खूप मनात होतं, पण येणं जमलं नाही. एकामागून एक कामं निघाली. साहेबांच्या सभा, पत्रकं, त्यात विरोधकांची ओरड. माझ्यासारख्या भाषणं लिहिणाऱ्या माणसाला अशा दिवसांत मान वर करायला फुरसत नसते.

तुमच्या इमारतीत जे झालं त्याने सगळ्यांनाच मनस्ताप झाला. खालच्या मजल्यावरचे आजोबा गेल्याचं कानावर आलं. वय होतंच, तरीही. एवढ्या मोठ्या कारभारात कधीतरी चुका होतात. कुणी मुद्दाम काही करत नाही. लोक तुझ्याशी बोलत नाहीत असं ऐकलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. लोकांचा राग चार दिवसांचा असतो.

भाऊजींना नमस्कार. वेळ मिळाला की येतोच.

तुझा लाडका,
छोटू


११ सप्टेंबर

ताई,

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि खरं सांगतो, जिना चढता चढताच फोडलं. आत माझंच पत्र होतं. तपासलेलं.

'उचलला गेला नाही', 'येणं जमलं नाही', 'कामं निघाली', 'मनस्ताप झाला', 'चुका होतात'. सगळ्यांखाली लाल पेन्सिलीची रेघ, आणि प्रत्येक रेघेसमोर समासात तुझा तो एकच शब्द: 'कर्ता?' बाकी एक अक्षर नाही. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. जन्मभर मुलांना भाषा शिकवणारी बहीण असली की माणसाला धड खोटंही बोलता येत नाही.

मी घरातली फुलदाणी फोडली होती तेव्हाचं आठवलं. 'फुलदाणी फुटली' असं मी सांगत होतो आणि तू मला समोर बसवून म्हणालीस, "ती स्वतःहून टेबलावरून उतरली का? कर्ता आण." मी रडत रडत 'मी फोडली' म्हणालो, तेव्हा कुठे तू मला जेवायला सोडलंस. पुढे तू शिकवलेल्या त्याच भाषेवर मला नोकरी लागली. फरक एवढाच, की तिथे मला कर्ता काढून टाकायचा पगार मिळतो.

कर्ता आणतो आता.

तुमच्या भागातलं पाणी पिवळट येतंय, वास मारतंय, अशा तक्रारी आमच्या कचेरीत यायला लागल्या. लोक येऊन बसायचे. कुणी भांडायचं नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पूर्वी लोक टेबलावर हात आपटायचे. आता एक कागद ठेवायचे, 'होणार काहीच नाही, पण आलो आपले' म्हणायचे आणि जायचे. मला ते सोयीचं वाटायचं. साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "पत्रक काढ. तपासणी झाली, पाणी चांगलं आहे." मी विचारलं, "झाली का?" ते म्हणाले, "होईल की. तू तुझ्या पद्धतीने लिही."

माझी पद्धत तुला माहीत आहे. मी लिहिलं: 'पाण्याची तपासणी करण्यात आली असून ते पिण्यास योग्य असल्याचे आढळून आले आहे.' टंकलेखन करणाऱ्या बाईंनी मान वर करून विचारलं, "कुणी केली हो तपासणी?" मी म्हणालो, "करण्यात आली." आम्ही दोघंही हसलो. ताई, आम्ही हसलो. ते हसू मला आता झोपू देत नाही.

ते पत्रक तुमच्या जिन्यात लागलं. तू माझी वाक्यरचना ओळखलीस आणि दारोदार जाऊन सांगितलंस, "हे माझ्या भावाने लिहिलंय. तो खोटं लिहिणार नाही. आता उकळत बसू नका." त्यांनी साहेबांवर विश्वास ठेवलाच नव्हता. साहेबांवर आता कोण ठेवतो? त्यांनी तुझ्यावर ठेवला. आणि तू माझ्यावर.

भाऊजी आजारी पडले, आजोबा गेले, आणि त्यानंतर तू काय केलंस तेही मला कळलं आहे. तू परत त्याच दारांवर गेलीस. "मी सांगितलं होतं प्या म्हणून. चूक माझी आहे," असं प्रत्येक दारात म्हणालीस. आजोबांच्या सुनेने तुझ्या तोंडावर दार लावलं. अख्ख्या प्रकरणात कर्ता असलेलं वाक्य एकटी तू बोललीस, आणि तुझी तर चूकही नव्हती. मी मात्र शेपूट घालून पडद्यांच्या रंगाबद्दल लिहीत बसलो.

परवा न्हाव्याकडे गेलो होतो. भिंतीवरच्या टीव्हीवर साहेब बोलत होते. न्हावी म्हणाला, "मत देऊन आलो की मी हात धुतो. तेही उकळलेल्या पाण्याने." सगळे हसले. मग म्हणाला, "पण भाषण लिहिणारा बेरकी आहे हं. एवढं बोलतो, आणि हाताला काही लागत नाही." मी आरशात बघायचं टाळलं. न्हाव्याच्या खुर्चीत बसून ते फार अवघड असतं.

रविवारी तुमच्या शाळेच्या सभागृहात साहेब लोकांना भेटणार आहेत. भाषण मलाच लिहायचंय. तुला ठाऊक आहे, साहेब आधी वाचून बघत नाहीत. कागद हातात आला की सरळ वाचत सुटतात. म्हणून मी काल मधोमध एक वाक्य घातलं: 'तपासणी झाली नव्हती, तरी झाली असे मी खोटे सांगितले.' म्हटलं, वाचू देत भर सभेत. मी खूश होऊन घरभर फिरलो. हिला वाचून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे परत तुम्ही मागेच बसणार."

मी तो कागद फाडला. आज सकाळी साहेबांना सांगितलं, भाषण दुसऱ्याकडून लिहून घ्या. रविवारी मी सभेला येणार आहे. लोकांमध्ये बसणार आहे. तू येऊ नकोस. तू समोर असलीस तर मी तुझ्यासाठी बोलतोय असं मलाच वाटेल.

छोटू


१६ सप्टेंबर

ताई,

सभेत काय झालं ते तुला जिन्यात कुणी ना कुणी सांगेल. त्याआधी मीच सांगतो. त्यात एक गोष्ट अशी आहे जी तुला माहीत नाही. मागच्या पत्रात एवढी ऐट करून कर्ता आणला, पण ती गोष्ट मी गिळली होती.

सभागृह अर्धं रिकामं होतं. आलेले लोक पंख्यांकडे बघत होते. साहेबांनी वाचायला सुरुवात केली आणि 'काही त्रुटी राहून गेल्या असल्यास' इथपर्यंत आले तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, "ते पत्रक मी लिहिलं. तपासणी झाली नव्हती, हे मला माहीत होतं. साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. माझ्या बहिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी अंगावर आलं नाही. साहेब हसून म्हणाले, "आमचे हे सहकारी जरा हळवे आहेत." तेवढ्यात आजोबांची सून उठली. तिने आवाज चढवला नाही. मला विचारलं, "तुम्ही त्या दिवसांत कुठलं पाणी पीत होता?"

ताई, मला वाटलं होतं मी सगळं सांगून बसलोय.

मी म्हणालो, "बाटलीचं."

पहिली तक्रार आली त्याच आठवड्यात साहेबांनी कचेरीत बाटल्यांचं पाणी सुरू केलं होतं. मी घरीही न्यायला लागलो. हिला सांगितलं, नळाचं पिऊ नकोस. आणि पत्रक छापायला गेलं त्या दुपारी मी तुला फोन करायला घेतला होता. तुझा नंबर समोर होता. मनात आलं, ताईला सांगितलं तर ती एकटी गप्प बसायची नाही. सगळ्या इमारतीला सांगेल, शाळेत सांगेल, मग साहेब मला विचारतील. मी फोन खिशात ठेवला. 'राहून गेलं' असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं. राहून गेलं नव्हतं.

हे मी तिथे सगळ्यांसमोर बोललो. ती सून साहेबांकडे वळली. साहेब घाईघाईने म्हणाले, "या प्रकरणाची सखोल चौकशी करण्यात येईल."

ती म्हणाली, "कोण करणार?"

"दोषींवर कारवाई करण्यात येईल."

"कोण करणार?" या वेळी मागून आणखी दोघांनी विचारलं. मग साहेबांच्या प्रत्येक वाक्याला सभागृहातून तोच प्रश्न. लोक पंख्यांकडे बघायचे थांबले होते. साहेबांनी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे हात नेला, सगळे त्या हाताकडे बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी हात परत घेतला. शेवटी तपासणी कोण करणार, कधी करणार आणि अहवाल कोण आणून देणार, हे त्यांना नावानिशी सांगावं लागलं. सुनेने ते शाळेच्या फळ्यावर लिहून काढलं. पुसू नका म्हणाली. तू गेलीस की बघशील.

माझी नोकरी गेली. नाही, पुन्हा लिहितो. साहेबांनी मला काढलं. मी आपणहून सोडली असती तर आज जरा ताठ मानेने लिहिलं असतं, पण मी सोडली नव्हती.

सभेनंतर तुमच्या दारापर्यंत आलो होतो. आतून भाऊजींचा आवाज आला. ते तुला चिमटा मागत होते, आणि खाली काहीतरी बारीक पडल्याचा आवाज झाला, आणि ते "राहू दे" म्हणाले. मी घंटा वाजवली नाही. आतल्या माणसाचे हात माझ्यामुळे थरथरताहेत, आणि मी बाहेर उभा राहून काय सांगणार होतो?

क्षमा मागत नाही. ती तू दारोदार जाऊन मागितलीस, माझ्या वाटचीही. मी फक्त हे पत्र पाठवतोय. यात कुठे कर्ता सुटला असेल तर रेघ मार आणि परत पाठव. मी पुन्हा लिहीन.

ज्याने तुला फोन केला नाही तो,
छोटू